लांडग्याच्या पोटाची शिवण

"पाच वाजता पेटी जाळणार," संग्रहालयाचे संचालक म्हणाले. "त्याआधी काही सापडलं तर बघा."

वहिनींनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. सोबत आलेल्या त्यांच्या दिरानं आधी खुर्ची पाहिली आणि तो बसला. तपास वहिनींचा, धाप मात्र नेहमी त्याला लागायची.

मागच्या खोलीत हाडंताई काचेच्या पेटीत किडे पाळत. मेलेलं जनावर सोलून, वाळवून आत ठेवलं की किडे मांस खाऊन हाडं लख्ख करत. त्या सांगाड्यांवर विद्यार्थी शिकत. पण हेच किडे कातडंही खातात. आज सकाळी ते पुढच्या दालनात, पेंढा भरलेल्या लांडग्यावर सापडले होते. त्याच्या पोटाला तीन भोकं पडली होती.

पेटी जळाली की ताईंची नोकरीही गेलीच.

"सहा वर्षं वाढवलेत हो," ताई म्हणाल्या. "झाकण रोज दोनदा तपासते. कुणीतरी उचलून नेलेत."

"कुलूप?"

"किडे कोण चोरतं?"

वहिनींनी पेटीत डोकावलं. तळाला तपकिरी भुकटीचा थर होता आणि त्यात अळ्यांनी टाकलेल्या काती. उजेड पडताच किडे कवटीखाली पळाले.

दालन राखणारा आणि झाडणारा म्हणजे ताईंचा नवरा. आठ दिवस तापानं घरी होता. आज आला, तर हे.

"जळतो मी त्या किड्यांवर," तो म्हणाला. "जेवतानासुद्धा अळ्यांच्याच गप्पा! पण हात लावायचा? झुरळ दिसलं तरी मी स्टुलावर चढतो."

"हाच तो," दीर कुजबुजला. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की!"

"भाऊजी, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग."

लांडगा भरला होता पेंढाकाकांनी. ताई त्यांच्याच हाताखाली शिकल्या आणि मग कातडं सोडून हाडांकडे वळल्या.

"पोरं आता लांडग्यापाशी थांबतही नाहीत," काका म्हणाले. "सरळ तिच्या सांगाड्यांकडे धावतात. वर तिच्या किड्यांनी माझं काम खाल्लं! प्रत्येक कातड्याला आतून विष चोळतो मी. चाळीस वर्षांत किडा फिरकला नव्हता."

वहिनी लांडग्याभोवती फिरल्या. त्याच्या पोटाखाली फरशीवर आठ दिवसांची धूळ होती, दुसरं काही नव्हतं. भोकं पोटाच्या शिवणीला लागून, एका ओळीत. टॉर्च लावताच पाच-सहा किडे तुरुतुरु केसांत शिरले.

"कान कसे आहेत, भाऊजी?"

"एकदम जिवंत."

साडेचारला सगळे लांडग्याभोवती जमले.

"किडे जिथं राहतात तिथं भुकटी आणि काती पडतात," वहिनी म्हणाल्या. "इथं आठ दिवस झाडू नाही, तरी कणभर भुकटी नाही. विषारी कातडं कुरतडून किडे असे टुणटुणीत राहतील? ते आज सकाळीच आणून सोडले. भोकं कात्रीची आहेत."

"मग कात्री कुणाची?" संचालकांनी विचारलं.

"किडा आधी पातळ कान आणि ओठ धरतो. ते शाबूत आहेत. राग काढणाऱ्यानं तोंडच फाडलं असतं. पण इथं प्रत्येक भोक शिवणीलगत आहे, दोन टाक्यांत मिटेल असं. कापताना पुन्हा शिवायचा विचार कोण करतं? ज्यानं लांडगा भरला तोच."

दिराचं तोंड उघडंच राहिलं. "पण काका स्वतःचंच काम कशाला..."

"स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन."

काकांनी लांडग्याच्या कानावरून हात फिरवला. "जळलो," ते म्हणाले. "दुसरा शब्द नाही. मी शिकवलं आणि गर्दी तिच्यापुढे. तोंडाला कात्री लावायला मात्र हात धजेना."

संचालकांनी काडेपेटी खिशात टाकली. "पेटी राहील. काका, उद्या मला ऑफिसात भेटा. आधी हे शिवून ठेवा."

काकांनी सुई ओवायला घेतली. दोरा तीनदा चुकला.

"द्या इकडे," ताई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, रडल्याही होत्या, पण गुडघ्यावर बसून त्यांनी तिन्ही भोकं मिटवली.

काका वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. त्यांची स्वतःची जुनी शिवण शोधली की सापडायची.

ताईंची सापडली नाही.