तीन वाजायच्या आधी

तो पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या शर्टाला तापलेल्या कापडाचा वास येत होता. हातात बोटाएवढी कुपी.

"यावर तारीख नाही," मी म्हटलं.

"तुम्हीच घाला ना. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"मग सुधारा."

"शिकवणार असाल तर रोज येतो."

रोज त्याला यावंच लागणार होतं. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं काम त्याचं. प्रत्येक खेपेत तो चिवट जंतूंची एक कुपी ठेवायचा आणि मग ती माझ्याकडे आणायचा. चोवीस तास उबेत ठेवून ती जांभळीच राहिली तर जंतू मेले. पिवळी झाली तर खेप वाया. शरीरात बसवायच्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रूंची पेटी तर निकाल आल्याशिवाय ऑपरेशनला सोडायचीच नाही, असा नियम. पाच महिन्यांत एकही कुपी पिवळी झाली नाही. आमचं अहो-जाहो मात्र केव्हाच अरे-तुरेवर आलं होतं.

त्या शनिवारी आम्ही पहिल्यांदाच बाहेर भेटणार होतो. कुपीचा निकाल तीनला होता. मी अकरालाच तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"जांभळी आहे. सोड ती पेटी आणि चल."

"अजून तीन वाजायचेत..."

"रोज जांभळीच असते. की यायचंच नाहीये तुला?"

तो हसला. "आलोच."

तळ्याकाठी बारीक पाऊस होता आणि आमच्यात एकच छत्री.

"तुझा खांदा भिजतोय," मी म्हटलं.

"एकच भिजतोय. दुसऱ्याचं कसं चाललंय ते विचार ना —"

दुसरा माझ्या खांद्याला टेकलेला होता. मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी कुपी पिवळी होती. पेटीतली पट्टी शनिवारी दुपारीच एका बाईंच्या मोडलेल्या मांडीच्या हाडावर बसली होती.

"डॉक्टरांना सांगू," तो म्हणाला. "आत्ताच."

"चार दिवस बघू. प्रत्येकाला काही होतंच असं नाही."

त्याने उचललेला फोन परत ठेवला... माझं ऐकलं.

तिसऱ्या आठवड्यात बाईंच्या जखमेतून पू आला. धातूवर जंतू एकदा थर धरून बसले की औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पट्टी काढावी लागली. हाड पुन्हा सुटं झालं. बाई पायाने शिवणयंत्र चालवून दोन मुलींचं शिक्षण करत होत्या. जंतू त्याच खेपेतून आले, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकलं नसतं. आले नाहीत, असंही नाही.

चौकशीला आम्ही शेजारी-शेजारी बसलो होतो. अधीक्षकबाईंनी विचारलं, "निकालाआधी पेटी कुणाच्या सांगण्यावरून सोडलीत?"

"कुणाच्याच नाही. मी प्रयोगशाळेला विचारलंच नाही."

"आणि सोमवारी कळल्यावर?"

"या कळवणार होत्या. मीच म्हटलं, मी कळवतो. नाही कळवलं."

अधीक्षकबाई माझ्याकडे वळल्या. "बरोबर?"

"हो," मी म्हटलं.

त्याची नोकरी गेली. आठव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. दारातच म्हटलं, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. आपण लग्न करू."

"माझंही आहे. म्हणून तर खोटं बोललो." तो चौकटीला टेकला. "पण मला वाटलं होतं, तू मध्येच थांबवशील मला. अधीक्षकबाईंनी 'बरोबर?' विचारलं ना... तेव्हासुद्धा वाटत होतं."

"उद्या सगळं सांगते."

"सांग. पण अधीक्षकांच्या आधी त्या पेशंटबाईंना सांग. त्या स्वतःलाच दोष देत बसल्यात."

"आणि मग... तू?"

"मग काही नाही गं," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात.

सकाळी मी वॉर्डात गेले. बाईंनी मला ओळखलं नाही. नवीन नर्स समजून पायावरची चादर सारखी केली.

"अंघोळ करताना जखमेला पाणी लागलं हो माझ्या हातून," त्या म्हणाल्या. "चूक माझीच."

"नाही," मी म्हटलं. "माझी."