ग्रेटिंगखाली

आमच्या धंद्यात ग्रेटिंग कुणी खरं काढत नाही. ग्रेटिंग म्हणजे कारखान्यांत, पंपहाऊसमध्ये असते ती लोखंडी पट्ट्यांची जाळीदार फरशी. तिच्यावर उभं राहिलं की पायांखालचं सगळं दिसतं आणि नवखा माणूस कठडा शोधतो. कॉम्प्युटरवर इमारत उभी करताना एकेक पट्टी काढत बसलं तर फाइल इतकी जड होते की मशीन मान टाकतं. म्हणून सगळे पळवाट काढतात. साधा सपाट पत्रा काढायचा, वर जाळीचं चित्र चिकटवायचं, आणि चहाला जायचं. माझंही पोट वर्षानुवर्षं याच चिकटवाचिकटवीवर भरलं.

पण जाळीला दिशा असते. जाड पट्ट्या एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर गेल्या पाहिजेत, कारण वजन त्या पेलतात. आडव्या बारीक सळ्या नुसत्या त्यांना धरून ठेवतात. नदीकाठच्या एका पंपहाऊसचं मॉडेल करताना कुठल्याशा ऑफिसातल्या कुणा शहाण्यानं चित्र आडवं चिकटवलं. साइटवर नकाशात दिसलं तसं पॅनेल कापून बसवलं गेलं. माझा धाकटा भाऊ तिथे फिटर होता. पाना घ्यायला म्हणून त्यानं पाऊल टाकलं, पॅनेल वाकलं आणि निसटलं. खाली विहीर, विहिरीतून नदीकडे जाणारा बोगदा. पाणबुडे उतरले, पण हाती फक्त हेल्मेट लागलं.

घरात त्याला टिल्लू म्हणत. सहा फुटी टिल्लू! दारातून वाकून यायचा आणि म्हणायचा, "ताई, हे दार काढताना तुझा माउस घसरला होता का गं?" मी म्हणायचे, "मेल्या, खाली बघून चाल." आता 'मेल्या' हा शब्द जिभेवर येत नाही.

आईनं अजून मानलेलं नाही. "बघितल्याशिवाय कसं मानू?" एवढंच तिचं म्हणणं. तिला एकटं सोडवेना म्हणून मी घरूनच काम करायला लागले. मी स्क्रीनसमोर, ती शेजारच्या खुर्चीत, असे आमचे दिवस चालले होते.

त्याच पंपहाऊसच्या दुरुस्तीचं काम फिरत फिरत आमच्या ऑफिसात आलं. साहेबांनी बिचकत फोन केला. "दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"मलाच द्या. आणि या वेळी मी पट्टी न् पट्टी खरी काढणार."

"मशीन बसेल हो."

"बसू दे."

काढली. डोळ्यांत तेल घालून काढली. मग त्या फरशीवर मॉडेलमधला कॅमेरा ठेवला आणि खाली पाहिलं. पट्ट्यांच्या फटींतून विहिरीच्या भिंती दिसल्या, लोखंडी जिना दिसला, आणि जिन्याच्या सगळ्यांत खालच्या टप्प्यावर एक माणूस उभा दिसला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. उंचीचा अंदाज यावा म्हणून आम्ही मॉडेलमध्ये माणसांचे तयार पुतळे ठेवतो. कुणाचा तरी राहिला असेल म्हणून मी कॅमेरा खाली नेला, पुसायला. टप्पा रिकामा. वर आले, फटींतून पाहिलं, तर होता. पुन्हा खाली गेले, नव्हता. मशीन बंद करून सुरू केलं, सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं, ओळखीच्या दुरुस्तीवाल्याचं डोकं खाल्लं. काही उपयोग झाला नाही. तो फक्त जाळीतूनच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मान वर केलेली होती. तयार पुतळ्यांना चेहरा नसतो. याला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते आमच्या कपाटात होतं.

मी स्क्रीन झाकायच्या आत आई वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दाढी वाढलीय गं त्याची."

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. तो आमच्याकडे बघत नव्हता, नुसता वर बघत होता, त्या नजरेत ओळख नव्हती. आईला मात्र ते पटेना. ती सकाळी उठली की खुर्चीत येऊन बसायची. "जेवलास का रे?" म्हणून विचारायची आणि स्वतः ताटाला हात लावायची नाही. रोज त्याचा एक हात आदल्या दिवसापेक्षा जरा वर आलेला असायचा. रोज आई स्क्रीनकडे जरा जास्त झुकलेली असायची. अंगावरचे कपडे तिला ढगळ व्हायला लागले. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर महिनाही जायचा नाही. एक गेलाच होता, आता दुसरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

त्यात साहेबांचा फोन आला. "अहो, फाइल उघडायला तास लागतो. पत्रा करून टाका ना."

"तुमच्याकडे उघडली तेव्हा खाली काय दिसलं?"

"पाणी. दुसरं काय दिसणार?"

त्या दिवशी दुपारी मी ठरवलं. "आई, मी ही जाळी बंद करतेय."

"मग तो वर कसा येईल?"

"तो यायचा नाही आई. कधीच यायचा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्यानं म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. मी सगळ्या पट्ट्या निवडल्या, पुसल्या, सपाट पत्रा टाकला. जाड पट्ट्या कुठून कुठे जातात ते दाखवणारा मोठा बाण त्यावर काढला, म्हणजे पुन्हा कुणाच्या घरी असं व्हायला नको. मग जाळीचं चित्र चिकटवलं. खालचं दिसेनासं झालं.

आई रडली नाही. जेवायला बसली. मागून घेऊन जेवली.

मी स्वयंपाकघरात भांडी घासत हमसून हमसून रडले. सुटलो एकदाचे, असं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली.

बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती.

आई खोलीच्या मधोमध जमिनीवर पालथी झोपली होती. मी धावले. तिचे डोळे उघडे होते. गाल टाइलला टेकलेला.

"आई, ऊठ. फरशी गार आहे."

"हळू बोल. इथून किती जवळ दिसतोय बघ."

मी वाकून पाहिलं. पांढऱ्या टाइल होत्या, बाकी काही नव्हतं. पण माझ्या अनवाणी तळव्यांना लोखंडाच्या कडा रुतत होत्या, एकापुढे एक.

"ऊठ ना गं आई."

"थांब," ती म्हणाली. तिचा चेहरा किती दिवसांनी हसरा होता. "आत्ताच धरलाय मी त्याला."

मी तिच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेले. काडीसारखी झालेली माझी आई. ती जागची हलेना. दोन माणसांचं वजन होतं.