आत्याचा झोपाळा कशाने तुटला?

तुटलेला दोर आपल्या डोळ्यांनी बघायचाच, असं ठरवून टिकली डॉक्टरकाकांच्या बागेकडे निघाली.

सुट्टीला ती आत्याकडे आली होती खरी, पण ते घर तिला खायला उठत होतं. आत्या लाकडी झोपाळे बनवायची. रंधा मारून फळी गुळगुळीत करायची, दोर ओवायची आणि पहिला झोका स्वतः घ्यायची. परवा डॉक्टरकाकांकडचा झोपाळा तुटला, त्यांच्या ढब्बूचा हात मोडला, आणि आत्याने कामाच्या खोलीला कुलूप घातलं. आपलाच दोर कच्चा निघाला, एवढं बोलून ती गप्प झाली ती झालीच. आता टिकलीने बोलायचं कुणाशी? भिंतींशी?

बागेत ढब्बू एकटाच बसला होता, हात गळ्यात. दोर त्याच्या वजनाने तुटला, असं सगळे चिडवत होते. त्यालाही ते खरंच वाटत होतं. म्हणून तो कुणात खेळायला जातच नव्हता.

टिकलीने दोर निरखला. फांदीवरून जातो नेमका तिथेच तो झिजला होता.

"हा वजनाने नाही, घासून तुटलाय," ती म्हणाली. "इथे आत्या सायकलची ट्यूब गुंडाळते, पिवळ्या दोऱ्याने शिवून. ती कुठेय?"

दोघांनी गवत, झुडपं, कचऱ्याची बादली पालथी घातली. दमून ढब्बू नळापाशी पाणी प्यायला गेला आणि थबकला. गळक्या नळाला काळं रबर करकचून बांधलं होतं, कडेला पिवळे टाके. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पोरांनी ते दाखवल्यावर डॉक्टरकाका आधी हसले. काळं रबर झाडावर शोभत नव्हतं, म्हणून त्यांनीच ते काढून नळाला बांधलं होतं. मग त्यांची नजर लेकाच्या प्लॅस्टरवर गेली आणि हसू मावळलं. संध्याकाळी आत्याच्या दारात येऊन त्यांनी चूक कबूल केली.

"तुमचा दोर पक्का होता," ते म्हणाले, "आणि या पोरांची नजर त्याहून पक्की."

सकाळी रंध्याच्या आवाजाने टिकलीला जाग आली. या वेळची फळी चांगली लांब होती. झोपाळा टांगून झाल्यावर आत्या बसली, पण तिने झोका घेतला नाही.

"आजवर एकटीला पेलतो का, तेवढंच बघितलं," ती म्हणाली. "ये टिकले. आणि त्या कुंपणाबाहेरच्यालाही बोलाव."

ढब्बूने आधी नकोच म्हटलं. मग तो श्वास रोखून दोघींच्या मधे बसला. दोर करकरला. पण तुटला नाही.