दांडीची टोकं

तुळजापुरात येऊन कवडीच्या माळेकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमचं दुकानच माळांचं, त्यामुळं मला जरा रागच आला.

"नुसती तार पायजे," तो म्हणाला. "पितळेची, बारीक."

"नुसती तार गळ्यात घालता व्हय?"

"न्हाय... इंजिनाला लावतो."

त्यानं पिशवीतून वीतभर लांबीचं पत्र्याचं इंजिन काढलं. येडशीची छोटी गाडी, हुबेहूब! कल्याणप्पा त्याचं नाव, येडशीच्या स्टेशनात फिटरच्या हाताखाली होता. पुढच्या आठवड्यात सिकंदराबादच्या रेल्वे कारखान्याचा साहेब येणार होता. नमुना पसंत पडला तर तिकडं कायमची नोकरी. सगळं जमलं होतं. पण बॉयलरच्या कडेनं चालताना धरायची दांडी तीनदा बिघडली होती. लढाईमुळं तार कुठंच मिळेना, म्हणून मोटारीनं इथवर आला होता.

मी इंजिन हातात घेतलं. दांडी वाकडी तर होतीच, वर बॉयलरला चिकटलेली.

"माणसाची बोटं कुठनं जाणार हो यात?"

त्याचे कान लाल झाले... मला ते आवडलं.

"तार सरळ कशी करता?"

"हातोडीनं ठोकून."

"अगं बाई! धरा हे टोक."

एक टोक त्याच्या पकडीत, दुसरं माझ्या. बाहेर भुरभुर पाऊस, माझे वडील, अप्पा, आत जेवायला बसलेले. "हळू ओढा... आता!" तार किंचित लांबली, ते मला हातात कळलं. त्यालाही कळलं असणार, कारण त्यानं वर पाहिलं. तार सरळ झाली होती, तरी टोक दोघांनीही सोडलं नाही.

त्या आठवड्यात तो आणखी दोनदा आला. एकदा म्हणे तार कमी पडली, एकदा म्हणे पक्कड विसरली. पक्कड त्याच्या खिशातच दिसत होती!

शेवटच्या खेपेला दांडी मीच वळवून घडवली. ही बिघडली तर हा येडशीतच राहील, असं मनात आलं... खोटं कशाला बोलू? पण हाताला वाईट काम जमेना. बोटं जातील एवढी फट ठेवून नीट बसवून दिली.

मोटार सुटली आणि मला एकदम आठवलं. माळेची तार गळ्याला टोचू नये म्हणून आम्ही टोकं आत वळवतो. सवयीनं मी दांडीचीही टोकं तशीच वळवली होती! असल्या इंजिनाला असं कुठं असतं? मुद्दाम केलं असं त्याला वाटलं तर? आठ दिवस मला भाकरी गोड लागली नाही.

नवव्या दिवशी तो दारात उभा राहिला.

"टोकं..." मी कशीबशी म्हणाले.

"बघितली मोटारीतच. पक्कड होती खिशात. पण कापू वाटली न्हायत." तो खाली बघत होता. "साहेबानं भिंग लावलं. म्हणाला, हे असं कुणी केलं? म्या सांगितलं, आमच्या मंडळींनी... ड्रायव्हरच्या हाताला टोचू नये म्हणून."

मंडळींनी! लग्नाच्या बायकोला म्हणतात तसं!

"मग?"

"साहेब लई हसला. घेतलं मला. सोमवारी निघायचंय."

"साहेबापुढं खोटं बोललात?"

"व्हय. आता ते खरं करायचं का न्हाय... तुमी सांगा."

मी हातातली माळ ओवत राहिले. कवडीचं भोक काही केल्या सापडेना.

"अप्पांना विचारा. जेवण झाल्यावर विचारा, तवा ते खुशीत असतात."

"अन् तुमी?"

"सिकंदराबादेत कवड्या कुठं मिळतात," मी म्हणाले, "तेवढं बघून ठेवा."