आईच्या खिडकीतली गारवेल

गारवेलीचं बी भलतं कडक. कानशीवर घासून रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय जागं व्हायचं नाव घेत नाही. पण रक्त तपासायच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईला असली बारीक कामं अंगवळणी पडलेली. तिने बारा बिया घासल्या, फुगलेल्या नऊ आईच्या खिडकीखालच्या वाफ्यात लावल्या आणि तिथून गजांपर्यंत सुतळ्या ताणून बांधल्या. आईची डावी बाजू लुळी पडून दोन वर्षं होत आली होती. पलंगावरून तिला समोरच्या घराची भिंत तेवढी दिसायची. भिंतीपेक्षा फुलं बरी, एवढाच विचार.

हौस वगैरे काही नव्हती. ती कधीच आटली होती. आईला पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, कामावर जायचं, आल्यावर पुन्हा तेच. कुणी विचारलं तर ती "चाललंय" म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. चालत होतं, तिला न विचारता.

दीड महिन्यात वेल गजांवर चढली. पहाटे निळी फुलं उमलायची, दुपारी मिटायची. एकच गोष्ट तिला खटकली. फुलं उन्हाकडे तोंड करतात, ही मात्र झाडून सगळी सावलीतल्या खोलीकडे वळलेली. कुठूनतरी उजेड परतत असेल, म्हणून तिने विषय सोडून दिला.

मग शेंडे गजांतून आत आले. आधी पलंगाच्या दांडीला, आणि एका सकाळी आईच्या डाव्या मनगटाला. ती तो शेंडा उलगडायला लागली.

"असू दे," आई म्हणाली.

आईने दोन शब्द सलग बोलून सहा महिने झाले होते.

गुरुवारी व्यायाम करून घेणारी बाई आली. नेहमीसारखी तिने आईच्या डाव्या बोटांना टाचणी लावून पाहिली. "टोचतंय," आई म्हणाली. बाईने पुन्हा लावली, आईने हात मागे घेतला.

"ताई, मी तरी असं पाहिलेलं नाही. तुम्ही वेगळं काही करताय का?"

"काही नाही. वेल लावलीय फक्त."

बाई हसली. आईच्या लेकीला आनंद व्हायला हवा होता. तिने आत चाचपून पाहिलं. तिथे काही हललं नाही. थकवा असेल, ती स्वतःशी म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आईची तहान वाढली. तांब्या भरून ठेवावा तर तासाभरात रिकामा. चेहऱ्यावर तुकतुकी आली. ओठाचा ओघळलेला कोपरा वर सरकला.

एका सकाळी ती पलंगाकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. एक पान पिवळं पडलं होतं, ते तिने खुडलं.

"हळू," आई मागून म्हणाली.

ती तशीच उभी राहिली. मग तिने आणखी एक खुडलं, हिरवं.

"अगं, दुखतं मला."

रविवारी आईचा डोळा लागल्यावर ती कात्री घेऊन बाहेर गेली. नऊच्या नऊ बुंधे जमिनीलगत कापले, माती उकरून मुळं काढली आणि कचऱ्यात टाकली. वरची वेल ओढून काढायला मात्र तिचा हात धजावला नाही. वाळेल आपोआप, म्हणाली.

सोमवारी वेल टवटवीत होती. मंगळवारीही. शनिवारी तिने फुलं मोजली, एकतीस भरली. तुटलेले बुंधे वाफ्याच्या वर हवेत लोंबत होते.

"उगीच मेहनत घेतलीस," आई म्हणाली. आवाज स्वच्छ, आजारपणाआधीचा. "ये, बस इथे जरा."

ती बसली. आईने आपल्या डाव्या हाताने तिचा डावा हात धरला. पकड घट्ट असावी, कारण आईची नखं पांढरी झालेली तिला दिसली.

दिसली तेवढीच.

दोघी किती वेळ बसल्या होत्या, ते तिला सांगता आलं नसतं.

सोमवारी लॅबमध्ये ती नेहमीच्या टेबलाशी काम करत होती. नमुने गोळा करणारे काका ट्रे घेऊन आले आणि जागीच थांबले.

"अगं, हात बघ तुझा."

काचपट्टी मोडून डाव्या तळव्यात रुतली होती. रक्त मनगटापर्यंत आलेलं. काकांनी तिला खुर्चीत बसवलं, चिमट्याने काच काढली, कापूस दाबून धरला.

"दुखतंय?"

"नाही."

"बरं, आता सोड मला. पट्टी आणतो."

"मी कुठे धरलंय, काका?"

काकांनी नजरेनेच खाली दाखवलं. तेव्हा तिने खाली पाहिलं. तिची बोटं त्यांच्या मनगटाभोवती गुंडाळली गेली होती, आणि करंगळी हळूहळू वरची जागा शोधत होती.