बिनखाडाखोडीचा दाखला

लाखेचं सील शाबूत, पाकीट शाबूत, आणि आतला दाखला मात्र कोरा!

अगदीच कोरा नव्हता म्हणा. छापील रकाने होते, गोल शिक्का होता, तळाशी माल सीमेपार पाठवणाऱ्या एजंटबाईंची निळी सही होती. पण टोमॅटो किती, गाडी कुठली, माल ताजा की सडका, आणि खाली दाखला भरून देणाऱ्या दाखलेसाहेबांची सही, असं हाताने लिहिलेलं बाकी सगळं गायब. पलीकडच्या देशाच्या नाक्याने गाडी परत ढकलली. अलीकडच्या नाक्याचे मोठे साहेब कडाडले, "शिक्का मारलेला कोरा फॉर्म बाईंनी चोरला! पाचपर्यंत खुलासा द्या, नाहीतर लायसन रद्द."

बावीस वर्षांचं लायसन. एजंटबाई तडक टाचणीकडे आल्या.

टाचणी हे खासगी तपास करणाऱ्या एका बाईंना लोकांनी दिलेलं नाव. शोधायला गेलं तर दिसायची नाही, आणि बसायला गेलं तर टोचल्याशिवाय राहायची नाही. तिच्याबरोबर तिचा धाकटा दीर असायचा. त्याला ती 'भाऊजी' म्हणे, म्हणून सगळं गावच भाऊजी म्हणे.

त्या दिवशी भाऊजींचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. नाक्यावरची खिडकी एक म्हणाली चारवर जा. चार म्हणाली पाचवर. पाचच्या जाळीमागून आवाज आला, "एकवर विचारलंत का?"

"वहिनी, चोर बाजूलाच राहू दे," भाऊजी करवादले. "आधी या खिडक्या बांधणाऱ्याला धरा."

"त्याचीही फाईल पाचवरच असेल," टाचणी म्हणाली आणि एजंटबाईंकडे वळली. "दाखला तुमच्यासमोर भरला?"

"या डोळ्यांदेखत. साहेबांनी सगळं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग मी टेबलाला दोऱ्याने बांधलेल्या पेनने सही केली. लगेच पाकीट, लगेच लाख. कागद माझ्या हातात आलाच नाही हो."

"मग ड्रायव्हरनेच बदलला!" भाऊजींनी निकाल लावून टाकला.

ड्रायव्हर गाडीच्या सावलीत बसला होता. मागच्या फळीतून टोमॅटोचा रस ठिबकत होता, आणि टोमॅटोला भेटायला माश्यांची रांग लागली होती. परवाची रांग म्हणजे विचारू नका. रांगेत शिरताना ज्यांची दाढी गुळगुळीत होती, त्यांना फाटकावर फोटोशी कुणी जुळवेना.

"नऊ तास, ताई! बंद केली तर पुन्हा चालू होत नाही, म्हणून इंजिन अखंड चालू."

"पाकीट कुठे होतं?"

"माझ्या बाजूलाच. इंजिनच्या झाकणावर डबा गरम करायला ठेवला होता, त्याच्याखाली दाबलं. वाऱ्याने उडायला नको. लाखेला बोट लावलं असेल तर हे हात झडोत."

"हात राहू देत. गाडी चालवायची आहे," टाचणी म्हणाली. भाऊजींना मात्र त्याचा चेहरा चोरासारखाच वाटला. भूक लागली की त्यांना सगळेच चेहरे तसे वाटत.

दाखलेसाहेबांनी कपाटातली कार्यालयीन प्रत काढून आपटली. ती ठळक भरलेली होती.

"बघा! मी भरल्याशिवाय एजंटची सही घेत नाही. बारा वर्षांत माझ्या दाखल्यावर एक खाडाखोड दाखवा. पलीकडचे एक रेघ दिसली तरी गाडी परत पाठवतात. करारच तसा आहे!"

बोलता बोलता त्यांनी खिशातलं पेन काढून भेटीच्या चिठ्ठीवर तारीख घातली. ती चुकली. पेन उलटं करून त्यांनी दोनदा करकर घासलं आणि नवी तारीख लिहिली. त्या आवाजाने भाऊजींचे दात आंबले.

टाचणीने टेबलावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं.

बाहेर येताच ती मोठ्या साहेबांना म्हणाली, "हा कोरा दाखला तुमच्या शिपायाच्या पहाऱ्यात रांगेतल्या त्या गोठवलेल्या मासळीच्या फ्रीझरगाडीत ठेवा. अर्धा तास."

"वहिनी, कागद नासत नाही!"

"भाऊजी, तुम्ही जेवून घ्या."

पावणेपाचला सगळे मोठ्या साहेबांच्या खोलीत जमले.

"कोऱ्या फॉर्मवर बाईंची सही! आणखी काय पुरावा हवा?" मोठे साहेब म्हणाले.

"हाच हवा होता," टाचणी म्हणाली. "आधी साहेब भरतात, मग बाई सही करतात. दोघंही तेच सांगतात. तिथेच पाकीट बंद झालं, आणि पलीकडे पोचेपर्यंत लाख कुणी फोडली नाही. म्हणजे भरलेला कागद हाच. बदलला कुणीच नाही."

"मग अक्षरं काय चालत गेली?" भाऊजींनी विचारलं.

"दोऱ्याच्या पेनची सही राहिली, शिक्का राहिला. गेली ती फक्त साहेबांच्या खिशातल्या पेनची शाई. ते पेन लिहिलेलं पुसतं, पण टेबलावर रबराचा कण पडत नाही. कारण ते खोडत नाही, घासून तापवतं. तापली की ती शाई दिसेनाशी होते. आता सांगा, नऊ तास तापलेल्या इंजिनवर, गरम डब्याखाली, दाखल्याचं काय होईल? कपाटातली प्रत गारव्यात राहिली, म्हणून वाचली."

"कल्पना आहेत सगळ्या!" दाखलेसाहेब उसळले.

तेवढ्यात शिपाई आला. कागदाला मासळीचा वास येत होता. आणि रकान्यांत, किंचित फिकट पण स्वच्छ, अक्षरं परतली होती. कडाक्याच्या थंडीत ती शाई पुन्हा उमटते. टोमॅटो आठ टन, गाडीचा नंबर, माल ताजा. खाली साहेबांची ऐटबाज सही.

दाखलेसाहेबांनी पेन हळूच खिशात सरकवलं. "एक अक्षर चुकलं की चारही प्रती पुन्हा लिहायच्या... आणि पेन कुठलं वापरायचं, ते नियमात लिहिलेलंच नाही."

मोठ्या साहेबांनी लायसन टेबलावरून एजंटबाईंकडे सरकवलं. माफी मागायचा रकाना त्यांच्याकडे नसावा.

पाचला पाच मिनिटं कमी असताना एजंटबाई धावत पलीकडच्या, पाचला बंद होणाऱ्या खिडकीशी पोचल्या. मागून टाचणी, तिच्या मागे धापा टाकत भाऊजी. तिथल्या अधिकाऱ्याने दाखला उजेडात धरला, वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"दाखला बरोबर आहे," तो म्हणाला. मग त्याने ठिबकणाऱ्या गाडीकडे पाहिलं. "पण यात 'माल ताजा' लिहिलंय. हा माल ताजा आहे?"

भाऊजींच्या तोंडाशी शिवी आली. टाचणीने त्यांचा दंड धरला.

एजंटबाईंनी लायसन पदराआड ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"होता साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन्ही नाकेवाले दाखला वाचेपर्यंत होता."