मैनेचे हरवलेले घोडे

"पट्टे आवळा! पंखा सुरू करा! आणि त्या छोट्याला आधी मागे घ्या!"

गॅरेजवाल्यानं आरोळी ठोकली तसा छोटा टुणकन उडी मारून भिंगरीच्या पाठीमागे गेला. तो भिंगरीचा सख्खा भाऊ. ताई जाईल तिथे हा मागे हजर, म्हणून घरात त्याला सगळे शेपूट म्हणत.

समोर मोठ्या आत्याची मैना उभी होती. मैना म्हणजे आत्याची दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. अंगानं काळी कुळकुळीत, नाकावर पिवळा पट्टा, आणि वयानं भिंगरीच्या आईबाबांच्या लग्नापेक्षा मोठी. तिची मागची चाकं जमिनीत बसवलेल्या जाडजूड, गोल फिरणाऱ्या रुळांवर टेकवली होती. चाकं जोरात फिरणार, गाडी मात्र जागची हलणार नाही आणि इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे ते पडद्यावर दिसणार, असा सगळा मामला होता.

"कंपनीच्या पुस्तकात एकशे तीस लिहिलंय," गणित्यानं चष्मा वर सरकवला. "वयामुळे थोडे कमी होतील. एकशे दहा तरी हवेत."

गणित्या हा काकाचा मुलगा, भिंगरीच्याच वयाचा. सुट्टीला सगळी फौज आत्याकडे जमली होती, आणि आजचा हा बेत भिंगरीचा होता. म्हणजे कल्पना काकाची, हट्ट भिंगरीचा. आत्याच्या वाढदिवसाला मैनेची ताकद मोजून घेऊ, आकडा फ्रेम करून भिंतीवर लावू, असं काकानं तिच्या कानात सांगितलं होतं. आत्या तयारच नव्हती. गाडी आवडते ती आवडते, मोजायचंय काय त्यात, असं तिचं म्हणणं. पण भिंगरीनं लाडीगोडी लावली, रुसून दाखवलं, शेवटी जेवणाच्या टेबलावरच आंदोलन पुकारलं, तेव्हा कुठे ती हसत हो म्हणाली.

काका ड्रायव्हरच्या सीटवर बसला. त्यानं भिंगरीला डोळा मारला आणि मैना गरजली.

रूळ घरघरले, पंख्याच्या वाऱ्यानं सगळ्यांचे केस उडाले. पडद्यावरची रेघ वर चढली, चढली, आणि मध्येच दमल्यासारखी आडवी झाली.

"ब्याऐंशी," गॅरेजवाला म्हणाला.

काका खाली उतरला, मान हलवली आणि आत्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, म्हातारी झाली गं ही. आता रस्त्यावर काढणं बरं नाही."

आत्यानं हातातले गाडी चालवायचे मोजे हळूच काढले, एकात एक घातले आणि पर्समध्ये ठेवून दिले. भिंगरी ते बघत होती. हे आपणच केलं, असं तिला वाटलं.

घरी येताना मैना काकानंच चालवली. संध्याकाळी सगळं ठरूनही गेलं. मैना काका स्वतःच्या गावी नेणार, तिथे तिचं इंजिन उघडून बघणार, जुन्या गाड्यांच्या क्लबात जपून ठेवणार. उद्या दुपारीच निघायचं. आत्या सगळ्याला हो म्हणत होती. एरवी वाद घालण्यात ती कुणाला हार जात नसे. जन्मभर दातांची डॉक्टर होती, समोरच्याला तोंड बंद करू देत नसे की उघडू देत नसे, असं काकाच म्हणायचा.

तेवढ्यात वरच्या खोलीचं दार धाडकन आपटलं.

"शेपट्या!" काका ओरडला. "कालपासून दार आपटतंय. ते लाकडी बदक कुठे हरवलंस?"

दाराखाली अडकवायची ती एक पाचर होती. गणित्यानं पहिलीत असताना तिला पिवळा रंग देऊन, चोच काढून तिचं बदक केलं होतं आणि आत्याला भेट दिलं होतं. आपण त्याला हातसुद्धा लावला नाही, असं शेपूट रडकुंडीला येऊन सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही.

शेवटी भिंगरीनं त्याला मागच्या शेडकडे नेलं. त्याच्या गोट्या कालपासून मैनेत शेजारच्या सीटसमोरच्या खणात राहिल्या होत्या, त्या घ्यायच्या होत्या. आणि खरं तर तिला मैनेचा निरोप घ्यायचा होता. गणित्याही आला.

शेपटानं खण उघडला आणि त्याचा चेहरा फुलला. "एकही सांडली नाही! सगळ्या आहेत!"

"नशीब तुझं," भिंगरी म्हणाली, आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबली.

पाण्याच्या टाकीचा चढ! रोज सकाळी आत्या तिला शेजारी बसवून त्या चढावर न्यायची. तिसऱ्या गिअरमध्ये आत्या पाय पूर्ण दाबायची, मैनेचा आवाज चढत चढत गाण्यासारखा बारीक व्हायचा, आणि नेमक्या त्याच क्षणी या खणाचं झाकण फटकन उघडून आतलं सगळं मांडीवर यायचं. ते गुडघ्यानं दाबून धरणं हे भिंगरीचं काम होतं. ती त्याला मोठी हुद्द्याची जागा समजत असे.

"आज शेजारी कुणी नव्हतं," ती हळूच म्हणाली. "झाकण कुणी धरलं नव्हतं. तरी उघडलं नाही. गणित्या, मैना आज गायलीच नाही! तिला कुणी गाऊच दिलं नाही."

"म्हणजे पाय पूर्ण दाबला गेला नाही." गणित्या विचारात पडला. "पण बाबा तर जोर लावत होते. मी बघितलं."

भिंगरी ड्रायव्हरच्या सीटवर चढली. काकाचे पाय लांब, त्यानं सीट पार मागे सरकवली होती. तिचा पाय पेडलला पोचेना. तिनं खालची दांडी ओढून सीट पुढे घेतली. सीटखाली काहीतरी खडखडलं. दोघं एकदम वाकली.

गणित्याच्या हातात पिवळं बदक होतं. त्याच्या पाठीवर पेडलच्या रबराचे काळे वळ उमटले होते.

त्यानं ते पेडलखाली सरकवून बघितलं, तर नेमकं बसलं. भिंगरीला सायकल शिकवणारा काका. तिच्या तोतऱ्या वक्तृत्वाला सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवणारा काका. भिंगरी हे नावसुद्धा त्यानंच ठेवलेलं. त्यानं आत्याला फसवलं, आणि फसवायला तिलाच पुढे केलं!

"तुला माहीत होतं?" तिनं गणित्याला विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"माहीत असतं तर तुझ्याबरोबर सीटखाली वाकलो असतो?" तो म्हणाला. त्याचा चष्मा धुरकटला होता.

भिंगरी घराकडे धावणार होती, पण त्यानं तिची बाही धरली. बाबा हसण्यावारी नेतील, म्हणाला. शेपटानंच टाकलं असेल म्हणतील. आणि सगळे ते खरं मानतील.

गणित्याचं बरोबर होतं. भिंगरीनं डोळे पुसले. मग तिची नजर खणाच्या झाकणावर गेली.

"काका मैनेत शेजारच्या सीटवर कधी बसलाय?"

"कधीच नाही. बाबांना चालवायचीच असते."

"मग उद्या बसवू."

सकाळी तिनं काकाच्या गळ्यात हात टाकले. आत्याला शेवटचं एकदा टाकीपर्यंत चालवू दे, तू शेजारी बस, मैनेच्या सगळ्या खोड्या ती तुला सांगेल, असं गोड गोड बोलली. काकानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "शहाणी माझी भिंगरी." आदल्या दिवसापर्यंत या दोन शब्दांसाठी ती काहीही करायला तयार होती. आज ते तिला टोचले.

तिघं सायकली हाणत पुढे गेली आणि टाकीच्या कठड्यावर जाऊन बसली. खालून मैनेचा आवाज आला. दुसरा गिअर. वळण. मग तिसरा. आणि आवाज चढू लागला, बारीक झाला, झाडांवरून थेट आभाळात गेला.

"गातेय!" शेपूट ओरडला.

मैना वळणावरून झपकन वर आली आणि टाकीपाशी थांबली. आत्याचे केस विस्कटले होते, डोळे चमकत होते. काका मात्र पुतळा झाला होता. त्याच्या मांडीवर, शेपटाच्या गोट्यांच्या मधोमध, पिवळं बदक बसलं होतं.

आत्यानं इंजिन बंद केलं. बदक उचललं, पाठीवरचे वळ बघितले, पायाखालच्या पेडलकडे बघितलं.

"तोंड उघड, धाकट्या," ती शांतपणे म्हणाली.

काकानं सगळं सांगितलं. ताई गाडी सोडतच नव्हती. आकडा बघितला की आपणहून देईल, असं त्याला वाटलं होतं.

"मागायचीस."

"दिली असतीस?"

"नाही. पण रोज चालवायला दिली असती."

तेव्हा गणित्या कठड्यावरून उतरला. त्यानं गाडीचं विचारलंच नाही. "बाबा, शेपटाला का ओरडलात?" एवढंच तो म्हणाला.

काका खाली उतरला, एकेक गोटी वेचून शेपटाच्या ओंजळीत ठेवली आणि पुटपुटला, "चुकलो रे."

आत्यानं तिघांना जवळ ओढलं. "इतकी वर्षं मी ही गाडी कानानं चालवली. पण पडद्यावर एक आकडा आला आणि मी कानांनाच खोटं ठरवलं. तुम्ही मात्र तिचं ऐकलंत. शाबास!" भिंगरीला ती आणखी घट्ट धरून म्हणाली, "आणि हट्ट केल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा विश्वास होता, त्यात तुझा काय दोष?"

भिंगरीला आता कुठे मोकळेपणी रडू आलं.

गॅरेजवाल्याला फोनवर सगळं कळलं तेव्हा तो ओशाळला. पेडलखाली आपण बघायला हवं होतं, म्हणाला. मुलांच्या कानांचं त्यानं तोंडभर कौतुक केलं आणि फुकट पुन्हा मोजून द्यायची तयारी दाखवली. आत्यानं आभार मानले आणि नको म्हणून सांगितलं.

काका पायीच उतार उतरू लागला होता. थोडं खाली जाऊन त्यानं वळून हाक मारली, "भिंगरी!"

ती वळली नाही. कधीतरी वळेल. पण आज नाही.

आत्यानं पर्समधून मोजे काढून हातात चढवले. पहिली फेरी कुणाची ते भिंगरीनंच ठरवलं. तिनं आपली हुद्द्याची जागा गणित्याला दिली. तो कसाबसा पट्टा लावून बसला, नाक ओढलं, आणि न राहवून म्हणाला, "आत्या, पण नक्की किती घोडे असतील गं?"

"मोजत बस," आत्या म्हणाली आणि किल्ली फिरवली. "गुडघा तेवढा झाकणावर ठेव."